दुसरा पाना

माझी ती पोस्टिंग लडाखमध्ये होती. मी नायक, व्हेइकल मेकॅनिक. युनिटच्या गाड्या चालत्या ठेवणारी आमची वीस माणसांची तुकडी होती. उन्हाळ्यात रस्ता उघडला की बर्फ पडायच्या आत पुढच्या चौक्यांवर सामान पोचवायचं. तोवर एकही गाडी रस्त्यात मरता कामा नये, एवढीच आमची लढाई. तिथली उंची अशी की बुटाची नाडी बांधून माणूस दमतो. इंजिनही तसंच दमतं.

ही हकीगत मी पंचवीस वर्षं सांगत आलो. तळवड्याच्या माझ्या गॅरेजमध्ये चहाला बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ती ऐकून गेला आहे. आधी मी ती जशी सांगत होतो तशीच सांगतो. मग पुढचं सांगतो.

लान्स नायक सिद्धार्थ ओव्हाळ आमचा ड्रायव्हर. पिंपरीचा. त्याचे वडील कंपनीत मोल्डिंगला होते. माझा बाप बीडहून येऊन पिंपरीच्या मंडईत पाट्या उचलायचा. एका गावची माणसं म्हणून आमचं पटकन जमलं. तो मला उस्ताद म्हणायचा. गाडी चालवताना त्याला शीळ घालायची सवय होती. उंचीवर धाप लागते, शीळ अर्ध्यात तुटते. त्याचा त्याला भारी राग यायचा.

मंडईत वाढलेला माणूस सौद्यात पक्का होतो. फौजेत भाव करायला पैसा नसतो, सुट्टी असते. त्या वर्षी ओव्हाळची सुट्टी मे महिन्यात होती, माझी जुलैत. माझ्या बहिणीचं लग्न मेमध्ये ठरलं. ओव्हाळची बायको गरोदर होती, दिवस जुलैचे होते. मी त्याला म्हणालो, तुझी मे मला दे, माझी जुलै तू घे, वर तुझ्या दहा गार्ड ड्यूट्या मी करतो. त्याने लगेच हात पुढे केला. मी बहिणीचं लग्न करून आलो. दहा गार्डही केल्या. मग जुलैत गाड्यांचे कॉन्व्हॉय सुरू झाले आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या सुट्ट्या रद्द झाल्या.

त्याला मुलगी झाल्याचा निरोप आला त्या दिवशी तो माझ्या तंबूत आला. म्हणाला, "उस्ताद, जुलैत ड्रायव्हर सोडत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं."

मला अंदाज होता. पण सौद्यात सगळे पत्ते उघडे करायचे नसतात, असं मी त्याला सुनावलं. आणखीही बरंच बोललो. माझी जीभ तापली की थांबत नाही. त्यानंतर अकरा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

बाराव्या दिवशी कॉन्व्हॉय ०५०० वाजता निघाला. बत्तीस गाड्या. ओव्हाळची गाडी नंबर नऊ. पेट्रोलवर चालणारी वन-टन, मागे पाच जवान बसलेले. नंबर दहावर रॉकेलची बॅरलं. मी सर्वांत मागे, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत, रेडिओ सेटजवळ. सेटवर मी 'टेल', आठ नंबरची गाडी 'एट'.

०६४० वाजता नऊ नंबर बंद पडली. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला होता. मी नवा पंप बसवला. तांब्याचा पाइप पंपाच्या पितळी जोडाला लावला, नट आवळला, इंजिन पाच मिनिटं चालवलं. बोट फिरवून पाहिलं, कोरडं. मी म्हणालो, "रोडवर्दी." म्हणजे गाडी रस्त्यावर जायला योग्य. ओव्हाळने मान हलवली.

०८०० वाजता चहाचा हॉल्ट झाला. पंधरा मिनिटं. ओव्हाळने बॉनेट उघडलं होतं. नंतर तो माझ्या गाडीपर्यंत चालत आला, जरा उभा राहिला. मी मगात बघत राहिलो. तो परत गेला.

०८५० वाजता सेट बोलला.

"टेल फॉर एट. नौ नंबर में आग. ओव्हर."

"एट, टेल. आदमी उतरे? ओव्हर."

"पाँच उतर गए. ड्रायव्हर वापस चढ गया. ओव्हर."

मी विचारलं, का? सेटवर नुसती खरखर.

का ते पुढे कळलं. दहा नंबरची रॉकेलची गाडी त्याच्या मागे वीस पावलांवर होती. एकेरी रस्ता, एका बाजूला दरी, मागे बावीस गाड्या. रॉकेलवाली मागे घेणं शक्य नव्हतं. म्हणून ओव्हाळने जळती गाडी पुढे नेली, वळणावरच्या रुंद जागी डोंगराला टेकवली. दीडशे पावलं असतील.

आम्ही पोचलो तेव्हा ०९०५ झाले होते. त्याला बाहेर काढलेलं होतं. त्याचं वर्णन मी कधी केलं नाही, आजही करत नाही. रिकव्हरी गाडीत मी त्याच्याजवळ बसलो. तो शुद्धीवर होता. म्हणाला, "उस्ताद, पंपाला मी हात लावला होता." मी म्हणालो, बोलू नको. १०१० वाजता तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी सांगितलं, ड्रायव्हरने स्वतः कबूल केलंय की त्याने पंपाला हात लावला. ते ऐकणारा मी एकटाच, त्यामुळे कोर्टाने ते धरलं नाही. मी म्हणालो, जळालेल्या गाडीवर माझा नट अजून घट्ट आहे, पाना लावून बघा. बघितला. घट्टच होता. पाइप मात्र नटाच्या मागे तुटलेला होता. मी म्हणालो, आगीने तुटला. वाचलेल्या एका जवानाने साक्ष दिली की चहाच्या हॉल्टला ड्रायव्हरने त्याच्याकडे साबण मागितला, हात धुवायला मागितला असावा. मी लगेच मुद्दा पकडला. हात पेट्रोलने भरल्याशिवाय साबण कोण मागतो? म्हणजे त्याने पाइप खोलला होता.

कोर्टाने माझं काही ऐकलं नाही. जोडणी सदोष, जबाबदार नायक जगदाळे. सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ठपका, रेकॉर्डवर लाल शाई. माझ्यामागून आलेली पोरं सुभेदार झाली. मी हवालदार म्हणून बाहेर पडलो.

इथपर्यंतची गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगितली. शेवटी म्हणायचो, मेलेल्या माणसाची चूक जिवंत माणसाच्या नावावर लिहिली. ऐकणारे मान हलवायचे.

फौज सोडल्यावर मी तळवड्यात पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. कुणाच्या चिठ्ठीवर नाही, कुणाच्या उपकारावर नाही. आता माझ्याकडे जुन्या गाड्या येतात, साठ-सत्तर सालच्या. चाकणच्या कंपन्यांतून रिटायर झालेले साहेब लोक हौसेने पाळतात. त्यांचे पार्ट मिळत नाहीत, ते आम्ही बनवतो. माझ्याबरोबर येळवंडे मामा असतात. निघोज्याचे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, टूल रूममध्ये जन्म गेला. मला अरे-जगदाळे म्हणणारे या गॅरेजमध्ये तेवढेच.

आमच्या भागातल्या माजी सैनिकांचा एक छोटा हॉल आहे. त्याच्या आवारात फौजेच्या नोकरीत असताना गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. आठ नावं झाली. नववं नाव सुचवलं गेलं ते ओव्हाळचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, निष्काळजीपणाने स्वतः मेला आणि पाच जणांना मारणार होता, त्याचं नाव दगडावर नको. त्या दिवशी मी तिथे होतो. माझ्यापुढे कोण बोलणार? सेक्रेटरी सुभेदार माने म्हणाले, शनिवारी यादी दगडवाल्याकडे जाणार आहे, तोवर विचार करा. मी म्हणालो, माझा विचार पंचवीस वर्षांपूर्वीच झालाय.

ही गोष्ट मामांना कळली. त्या गुरुवारी सकाळी आम्ही एका जुन्या चार दारांच्या पेट्रोल गाडीला बसलो होतो. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती. मालकाने शुक्रवार सकाळ मागितली होती, मी शनिवार सांगितला होता, घासाघीस होऊन शुक्रवार संध्याकाळवर तुटलं होतं. पंप दुरुस्त करून बसवला होता. राहिला होता तांब्याचा नवा पाइप जोडायचा.

मामा म्हणाले, "जगदाळे, मेलेल्या मानसावर डूख धरून काय मिळतं?"

मी म्हणालो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

"मला पंपातलं कळतं, मानसातलं न्हाई, व्हय ना?" मामा म्हणाले. "त्याच्या घरच्यांनी तुझं काय घोडं मारलं?"

मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. मामा गाडीच्या पलीकडच्या बाजूला ब्रेकचं काम घेऊन बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पंपाच्या अंगात एक पितळी जोड बसवलेला असतो. पाइपचा नट त्या जोडावर फिरतो. हे काम दोन पान्यांचं आहे. एका पान्याने जोड धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. एकाच पान्याने आवळलं तर शेवटच्या दमात नटाबरोबर जोडही थोडा फिरतो आणि मऊ तांब्याचा पाइप पिळला जातो. हाताला मात्र नट घट्ट झाल्यासारखा लागतो. तो असतोही घट्ट. हे ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलंय.

त्या मापाचा दुसरा पाना मामांच्या हातात होता. मागायला तोंड उघडावं लागलं असतं. मी एकाच पान्याने आवळला.

इंजिन चालू केलं. पाच मिनिटं. बोट फिरवलं, कोरडं. हातपाय धुतले, चहा मागवला. इंजिन चालूच ठेवलं होतं. वीसेक मिनिटांनी मामा उठले, बॉनेटमध्ये वाकले आणि म्हणाले, "बंद कर. आधी बंद कर."

मी चावी फिरवली. नटाच्या मागे, पाइपवर, केसाएवढी चीर होती. इंजिन तापल्यावर, हादऱ्याने उघडलेली. तिथून एक थेंब धरला, सुटला, खालच्या एक्झॉस्टवर पडला आणि चर्र झालं. पेटलं नाही. त्या दिवशी नशीब एवढंच.

मी पाना लावून नट बघितला. घट्ट होता.

मामांनी मोरीवरची कपड्याच्या साबणाची वडी आणली. अंगठ्याने तिचा कोपरा खुडला आणि कोरडाच त्या चिरेत दाबून घासला. म्हणाले, "पेट्रोलला साबन विरघळत न्हाई. पाइप बदलंस्तवर टाकीतलं गळायचं थांबंल. आमच्याकडं डायवर लोक असंच करून घर गाठायचे."

ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही. घाटातला प्रत्येक जुना ड्रायव्हर ती जाणतो. फौजी वर्कशॉपमध्ये मात्र तिला मनाई होती आणि तिथे साबण लावताना सापडलेल्या ड्रायव्हरला मी चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. एकदा ओव्हाळलाही.

मी पाना मडगार्डवर ठेवला. मी ऑफिसच्या कपाटातून कोर्टाची फाइल काढली. कोर्टाच्या कागदांच्या प्रती मी जपून ठेवल्या होत्या, कधीतरी दाद मागायची म्हणून. जवानाची साक्ष काढली. ती मला पाठ आहे असं मी समजत होतो. मला त्यातलं एकच वाक्य पाठ होतं. त्याच्या पुढचं वाक्य असं होतं: ड्रायव्हरने साबण परत दिला, तो कोरडा होता आणि त्याचा कोपरा तुटलेला होता.

हात धुवून कुणी कोरडा साबण परत देत नाही.

मग बाकीचं एकामागून एक आलं. त्या दिवशी ०६४० वाजता माझ्याकडे एकच पाना होता. जोडीचा आदल्या दिवशी नाल्यात पडला होता. त्याच मापाचा पाना ओव्हाळच्या गाडीच्या टूल किटमध्ये होता. किट उघडं होतं, माझ्यापासून तीन पावलांवर, त्याच्या पायाशी. मी मागितला नाही. कोर्टात मला विचारलं, नट घट्ट होता का? मी खरं उत्तर दिलं. किती पाने वापरले हे कुणी विचारलं नाही आणि मी स्वतःलाही विचारलं नाही.

चहाच्या हॉल्टला त्याला गळती दिसली. तो मला सांगायला आला. मी मगात बघत राहिलो. मग त्याने त्याला येत होतं ते केलं. पुढच्या चढाला पाइप पूर्ण तुटला, तिथे साबण काय करणार? आणि शेवटी तो मला म्हणाला, पंपाला मी हात लावला होता. तो कबुली देत नव्हता. मेकॅनिकला रिपोर्ट देत होता.

मी ऑफिसच्या खुर्चीत किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. वेळ न सांगता आलेली माझ्या आठवणीतली ही एकच जागा.

शुक्रवारी सकाळी मी पिंपरीला गेलो. ओव्हाळची बायको सुनंदा वहिनी आणि मुलगी प्रज्ञा तिथे राहतात, हे मला कायम माहीत होतं. भाजी बाजारापासून चार गल्ल्या. पंचवीस वर्षांत मी त्या गल्लीत शिरलो नव्हतो. प्रज्ञा हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी करून नुकतीच आली होती, युनिफॉर्मवरच होती.

मी उभ्यानेच बोललो. सौदा, पाना, साबण, साक्ष, दगडावरचं नाव, सगळं. क्रमाने, जसं इथे लिहिलंय तसं. वहिनींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, ते इथं पिंपरीत जेवायच्या आधीसुद्धा साबण लावून हात धुवायचे नाहीत. मी मागं लागायचे. आणि तिथं त्या थंडीत साबणानं धुतील? मला कुणी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

प्रज्ञाने एकच प्रश्न केला. "मग त्यांनी तुम्हाला हाक का नाही मारली, काका?"

मी म्हणालो, "आम्ही बोलत नव्हतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांच्या नजरेला नजर देऊन सौदे केले. तिच्यापुढे मान खाली घातली.

दारात वहिनी म्हणाल्या, "नाव लावताना सिद्धार्थ पूर्ण लिहा. नुसतं एस नको." बाकी काही मागितलं नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. मी तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

शनिवारी हॉलमध्ये अकरा माणसं होती. मी फाइल टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. कोर्टाने दिलेली शिक्षा बरोबर होती, हे सांगितलं. गेल्या वेळी याच जागी मी जे बोललो ते खोटं होतं, हेही सांगितलं. सुभेदार मानेंनी साक्षीचा कागद वाचून काढला. मग म्हणाले, "हवालदार, बसा." त्यांनी यादीत नववं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. स्पेलिंग, रँक तपासून मी सही केली.

गाडी अजून माझ्या शेडमध्येच होती. कबूल केलेली शुक्रवार संध्याकाळ टळून गेली होती. मालकाने फोनवर मला नाही नाही ते ऐकवलं. मी म्हणालो, साहेब, चूक माझी आहे. त्यांना वाटलं असेल, राँग नंबर लागला.

शनिवारी दुपारी तीनला प्रज्ञा आली. कळवलं नव्हतं. म्हणाली, "मला तो भाग दाखवा."

मी बॉनेट उघडलं. पंप दाखवला, पितळी जोड दाखवला, काढलेला पिळवटलेला पाइप तिच्या हातात दिला. तिने त्या चिरेवरून नख फिरवलं, दोनदा. नवा पाइप मामांनी तयार करून ठेवला होता. मी तो लावला, नट हाताने फिरवून बसवला. मामा दुसरा पाना घेऊन पुढे आले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाना तिच्यापुढे धरला.

मी म्हणालो, "हा जोडावर लावा. मी आवळेन तेव्हा तो माझ्याकडे ओढेल. हलू द्यायचा नाही."

तिने दोन्ही हातांनी धरला. मी आवळला. जोड जागचा हलला नाही. इंजिन चालू करून आम्ही तिघं पाऊण तास तिथे उभे राहिलो. कोरडं राहिलं. ती जाताना पिळवटलेला पाइप कागदात गुंडाळून घेऊन गेली.

दगड पुढच्या महिन्यात बसला. सकाळी दहा वाजता नावं वाचली. नववं नाव वाचायला मला सांगितलं होतं. माझ्या हातात कागद होता, त्याकडे बघावं लागलं नाही.

लान्स नायक सिद्धार्थ ओव्हाळ. ड्रायव्हर. राहणार पिंपरी. वय सत्तावीस. गाडी नंबर नऊ. ०८५० वाजता पाच माणसं उतरवली, गाडी दीडशे पावलं पुढे नेली. १०१० वाजता रिपोर्ट देऊन गेला.

रिपोर्ट मिळाला, ओव्हाळ. उशिरा मिळाला.